लायसन्स नंबर १: मार्सेला अकुन्याच्या बॉक्सिंग करिअरमधून धंद्याचं गणित



या वेळचा विषय बघून काही जण म्हणतील, मॅडम, चिवडा-मसाल्यावरून एकदम बॉक्सिंगवर कशा आलात? सांगते. व्यावसायिक बॉक्सर म्हणजे एका माणसाचा लघुउद्योग. माल एकच, तो म्हणजे स्वतःचं शरीर. शेल्फ लाइफ कमी. गिऱ्हाईक म्हणजे प्रमोटर आणि टीव्हीवाले. हिस्सेकरी भरपूर. आणि प्रत्येक ऑर्डरचा निकाल सगळ्या जगासमोर लागतो. व्हिडिओत हे पंधरा मिनिटांत घाईघाईने झालं, म्हणून इथे नीट लिहिते. वही-पेन घेऊन बसा, मध्ये आकडेमोड आहे.

आपली केस आहे मार्सेला अकुन्या. अर्जेंटिनाची. रिंगमधलं नाव 'ला तिग्रेसा', म्हणजे वाघीण. जन्म ऑक्टोबर १९७६, गाव फोर्मोसा. हे अर्जेंटिनाच्या उत्तर-पूर्व टोकाला, पॅराग्वेच्या सीमेवर येतं. राजधानी ब्युनॉस आयर्सपासून लांब, आणि देशातल्या मागास भागांपैकी एक. लहानपणापासून कराटे, मग फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे हातापायांनी खऱ्याखुऱ्या जोराने मारायचा प्रकार. तिचा ट्रेनर रामोन चापारो. त्याच्याशीच तिचं कमी वयात लग्न झालं. बॉक्सिंगमध्ये उतरायचं ठरवलं तेव्हा ती विशीची होती आणि अडचण एकच, पण फार मोठी होती. अर्जेंटिनात बायकांच्या व्यावसायिक बॉक्सिंगला परवानाच नव्हता.

म्हणजे बघा, माल तयार आहे आणि दुकान उघडायची परवानगी नाही.

बाहेर मार्केट तयार होतं

त्याच काळात अमेरिकेत काय चाललं होतं ते समजल्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही. मार्च १९९६ मध्ये लास वेगासला माइक टायसन आणि फ्रँक ब्रुनो यांची लढत होती. तिच्या आधीच्या लढतींमध्ये क्रिस्टी मार्टिन आणि आयर्लंडची डिअर्ड्रे गोगार्टी अशी बायकांची एक लढत ठेवली होती. लोक आले होते टायसनसाठी, पण लक्षात राहिली ती या दोघींची लढत. मार्टिन रक्ताळलेल्या नाकाने लढत राहिली आणि जिंकली. पुढच्याच महिन्यात ती 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर होती. प्रमोटर होता डॉन किंग. त्या रात्री मार्टिनला १५,००० डॉलर आणि गोगार्टीला ३,००० डॉलर मिळाल्याचं सांगितलं जातं. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

तर आता मार्टिन हा ब्रँड झाला. ब्रँड झाला की त्याला सतत प्रतिस्पर्धी लागतात. अकुन्या आणि चापारो यांना इथे दार दिसलं. डिसेंबर १९९७ मध्ये फ्लोरिडात अकुन्याची पहिली व्यावसायिक लढत झाली आणि समोर थेट क्रिस्टी मार्टिन. वय २१. दहा राउंड पूर्ण खेळली, गुणांवर हरली. सप्टेंबर १९९८ मध्ये दुसरी लढत, समोर नेदरलँड्सची लुसिया रायकर. अनेकांच्या मते त्या काळातली सगळ्यात धोकादायक बॉक्सर हीच. पाचव्या राउंडमध्ये अकुन्या नॉकआउट.

दोन लढती, दोन हार, आणि दोन्ही जगातल्या सर्वात गाजलेल्या दोघींकडून.

इथे मोटिव्हेशनल वक्ता काय सांगेल, तुम्हाला माहीत आहे. 'ती हरली पण खचली नाही, टाळ्या.' मला टाळ्यांचा राग नाही, पण त्यातून तुमच्या दुकानाचं भाडं निघत नाही. आपण वेगळा प्रश्न विचारू. एवढी मोठी बॉक्सर एका नवख्या मुलीशी लढायला तयार का झाली?

कारण नवखीच हवी होती. बॉक्सिंगच्या धंद्यात एका कोपऱ्यात असते स्टार, जिच्या नावावर तिकिटं खपतात. दुसऱ्या कोपऱ्यात असते ती 'अपोनंट'. अपोनंटने चांगली झुंज द्यावी, पब्लिकला मजा यावी, आणि शेवटी स्टार जिंकावी, अशीच जोडी लावलेली असते. यात फिक्सिंग वगैरे काही नाही. अनुभव, तयारीचा वेळ, जागा, वजनगट, सगळं स्टारच्या सोयीचं ठरतं, बाकीचं आपोआप होतं. वजनाचंच बघा. अकुन्याने पुढे नाव कमावलं ते सुपर बँटमवेटमध्ये, म्हणजे १२२ पौंड, साधारण ५५ किलो. रायकर लढायची ती १४० पौंडांच्या आसपास, साधारण ६३ किलो. बॉक्सिंगमध्ये आठ किलो म्हणजे मधले कितीतरी गट. आपली साइझ सोडून दुसऱ्याच्या साइझच्या मार्केटमध्ये उतरलं की असं होतं.

माझं मत विचाराल तर पहिली लढत मला पटते. घरी परवाना नाही, जगाला नाव माहीत नाही, आणि दहा राउंड मार्टिनसमोर उभी राहिलेली मुलगी ही ओळख कोणत्याही जाहिरातीपेक्षा स्वस्तात मिळाली. पण नऊ महिन्यांनी, मध्ये एकही छोटी लढत न खेळता थेट रायकर? हा सौदा मला पटत नाही. पहिल्या ऑर्डरने नाव दिलं होतं. दुसऱ्याने नवीन काही दिलं नाही, फक्त शरीर खर्च झालं. अर्थात तिच्यापुढे दुसरे पर्याय किती होते हा प्रश्न आहेच. घरी लढताच येत नव्हतं.

हातात किती उरतं

आता तो ३,००० डॉलरचा आकडा घ्या. लढतीच्या मानधनाला 'पर्स' म्हणतात. पर्स म्हणजे आपली विक्री, नफा नव्हे. साधारण पद्धत अशी की १० टक्के ट्रेनरला जातात आणि मॅनेजरला एक तृतीयांशापर्यंत. म्हणजे ३,००० मधून ३०० गेले, १,००० गेले, उरले १,७००. लढतीची तयारी आठ आठवडे चालली असं धरलं तर आठवड्याला साधारण २१२ डॉलर. यातून खाणं, सरावाचा खर्च, टॅक्स. विजेतेपदाची लढत असेल तर पट्टा देणाऱ्या संघटनेची फी वेगळी, ती साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. आणि जखमी झालात तर पुढचे काही महिने शून्य.

आता हेच आपल्याकडे. आमच्या बॅचमधल्या एका ताईंना मोठ्या दुकानांच्या साखळीकडून ५०० किलो चिवड्याची चौकशी आली. ताई खूश. दर २२० रुपये किलो, खर्च १८०. किलोमागे ४० रुपये, म्हणजे २०,००० नफा, असं त्यांनी पाठीमागच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं. मग आम्ही बसलो.

अटीत न खपलेला माल परत घ्यायचा होता. आठ टक्के परत येईल असं धरलं, म्हणजे ४० किलो. पैसे मिळणार ४६० किलोचे, १,०१,२०० रुपये. खर्च मात्र पूर्ण ५०० किलोचा, ९०,०००. उरले ११,२००. वाहतूक आणि बारकोडची स्टिकर मिळून ४,०००. उरले ७,२००. पैसे मिळणार साठ दिवसांनी, आणि माल बनवायला एक महिना आधीच जाणार, म्हणजे ९०,००० तीन महिने अडकले. ते ताई बाहेरून उचलणार होत्या महिना दोन टक्क्यांनी, म्हणजे ५,४०० व्याज. शेवटी उरले १,८००. पाचशे किलो चिवडा परतून, तीन महिने जीव टांगणीला लावून, अठराशे रुपये. त्यात ताईंची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही.

ताईंनी नाही म्हटलं नाही बरं का. त्यांनी १०० किलोची ऑर्डर मागितली, परत घ्यायची अट काढून. साखळीला त्यांचा चिवडा हवा होता, पण पाचशेच किलो हवा होता असं काही नव्हतं. मुद्दा असा, की समोरचा मोठा असेल तर तो तुम्हाला का निवडतोय हे आधी शोधा. तुमचा माल चांगला म्हणून, की त्याचा धोका तुमच्या अंगावर टाकता येतो म्हणून? दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. मग दर आणि अटी त्या हिशोबाने मागा.

लायसन्स नंबर १

रायकरनंतर अकुन्याची तिसरी व्यावसायिक लढत थेट २००१ मध्ये झाली. मधली अडीच वर्षं. करिअरच्या ऐन तारुण्यातली. या काळात मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण इथे तिने मार्केट बदललं. अमेरिकेत जाऊन दुसऱ्याच्या स्टारसमोर अपोनंट म्हणून उभं राहण्यापेक्षा घरचं दार उघडायचं, हा तिचा आणि चापारोचा आग्रह. पुरुषांचं बॉक्सिंग अर्जेंटिनात आधीपासून फार मोठं. कार्लोस मोन्झोनसारखी नावं तिथे घराघरांत. पब्लिक होतं, हॉल होते, टीव्हीवर बॉक्सिंगचे कार्यक्रम होते. नव्हता तो फक्त बायकांना परवाना. २००१ मध्ये अर्जेंटिनाच्या बॉक्सिंग फेडरेशनने बायकांचं बॉक्सिंग मान्य केलं आणि पहिला परवाना, नंबर १, मार्सेला अकुन्याच्या नावावर निघाला.

बीबीएला आम्हाला 'बॅरियर टू एन्ट्री' नावाचा एक धडा होता. परवाना हा अडसर असतो, जो आत शिरला त्याला फायदा, असं त्यात होतं. इथे उलट गंमत आहे. अकुन्याने जो अडसर हलवला तो सगळ्याच बायकांसाठी हलला. म्हणजे स्वतःच्या घामाने तिने स्वतःचे स्पर्धक तयार केले. तरीही सौदा फायद्याचाच. कारण परवान्यासोबत तिला आपला वजनगट मिळाला, घरचं पब्लिक मिळालं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी लढत मिळायची शक्यता तयार झाली. लढत नियमित मिळणं म्हणजे कॅश फ्लो. मोठी पर्स वर्षातून एकदा येण्यापेक्षा ते बरं.

तुमच्यापैकी घरून लाडू, मसाले, पापड विकणाऱ्या कितीतरी जणी फूड लायसन्सचा विषय निघाला की म्हणतात, 'बघू, धंदा वाढला की काढू.' पण लायसन्स नसेल तर तुमचा धंदा ओळखीच्या सोसायट्यांपुरताच राहतो, आणि मग तो वाढत का नाही म्हणून आपण डोकं धरून बसतो. अकुन्याला कायदा बदलेपर्यंत थांबावं लागलं. तुमच्यासाठी खिडकी आधीच उघडी आहे, अर्ज तेवढा भरायचाय.

स्पर्धक आली आणि हॉल भरला

आता दुसरं पात्र. अलेहान्द्रा ओलिवेरास, टोपणनाव 'लोकोमोतोरा', म्हणजे रेल्वेचं इंजिन. जन्म १९७८, हुहुई प्रांतात, बालपण गरिबीत. किशोरवयात आई झाली, घरात मार खाल्ला, आणि स्वतःला वाचवायला म्हणून मारायला शिकली, असं ती स्वतःच जाहीरपणे सांगायची. लढायची पद्धत नावाप्रमाणेच, सरळ पुढे. २००६ मध्ये ती मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात गेली आणि तिथल्याच जॅकी नावाला हरवून वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा सुपर बँटमवेट पट्टा घेऊन आली. दुसऱ्याच्या गावात जाऊन! गट कोणता? तोच, अकुन्याचा.

एकाच देशात, एकाच गटात, एक वाघीण आणि एक इंजिन. स्वभाव पूर्ण वेगळे, शैली वेगळी, आणि एकमेकींबद्दल बोलणंही काही गोड नव्हतं. ४ डिसेंबर २००८ ला दोघी ब्युनॉस आयर्सच्या लुना पार्कमध्ये समोरासमोर आल्या. लुना पार्क १९३२ पासूनचं, अर्जेंटिनाच्या बॉक्सिंगचं देऊळच म्हणा. गुणांवर अकुन्या जिंकली.

या लढतीची गंमत निकालात नाही. अकुन्या एकटी दहा परदेशी बॉक्सरना हरवत राहिली असती तर क्रीडा पानावर बातमी आली असती, बस. ओलिवेरास आली तेव्हा घराघरांत दोन बाजू पडल्या, आणि दोन बाजू पडल्या की तिकीट खपतं. आपल्याकडे एका गल्लीत दुसरं साडीचं दुकान उघडलं की पहिल्याचा चेहरा उतरतो. पण लक्ष्मी रोडवर लोक साडीसाठी का येतात? एकच दुकान आहे म्हणून नव्हे. मी हे सगळ्या धंद्यांना लावणार नाही हं. दोनशे घरांच्या वस्तीत दोन पिठाच्या गिरण्या झाल्या तर दोघंही उपाशी राहतील. गिऱ्हाईक लांबून येऊ शकतं का, हे आधी बघा. येऊ शकत असेल तर स्पर्धक ही तुमची फुकटची जाहिरात.

एक छोटी गोष्ट जाता जाता. बॉक्सिंगमध्ये चार मोठ्या जागतिक संघटना आहेत, प्रत्येकीचा पट्टा वेगळा, फी वेगळी. त्यामुळे एकाच वजनाचे चार 'विश्वविजेते' एकाच वेळी असू शकतात. पट्टा मिळाला की पुढची पर्स वाढते, म्हणून फी परवडते. आपल्याकडे तुम्हाला फोन येतो ना, 'मॅम, तुमची बेस्ट उद्योजिका अवॉर्डसाठी निवड झाली आहे, पॅकेज अमुक हजार'? निदान बॉक्सरला पट्ट्यासाठी दहा राउंड मार तरी खावा लागतो. तुम्ही फक्त गुगल पे करता. त्या ट्रॉफीमुळे एक तरी गिऱ्हाईक वाढेल का, एवढं स्वतःला विचारा आणि फोन ठेवा.

खातं कोणाच्या नावावर

हा भाग व्हिडिओत घेतला नव्हता. मुद्दाम इथे लिहिते.

अकुन्याचा ट्रेनर तिचा नवरा. क्रिस्टी मार्टिनचाही ट्रेनर आणि मॅनेजर तिचा नवराच, जिम मार्टिन, तिच्याहून खूप मोठा. क्रिस्टीने नंतर उघडपणे सांगितलं की घर, सराव, पैसा, सगळ्यावर त्याचा ताबा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये ती वेगळी व्हायला निघाली तेव्हा त्याने तिला भोसकलं आणि गोळी घातली. ती वाचली. २०१२ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. रिंगमध्ये जिला सगळे घाबरायचे, तिच्या घरातली गोष्ट ही.

मी कुणाच्या नवऱ्यावर संशय घ्या म्हणत नाही. नवरा-बायको मिळून उत्तम धंदे चालवतात, माझ्याच बाजारात चार आहेत. पण एकच माणूस मॅनेजर, खजिनदार आणि कुटुंबप्रमुख असेल तर हिशोब विचारणं हेच भांडण ठरतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कितीतरी जणींच्या मालाच्या पुडीवर त्यांचं नाव असतं आणि क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा दिराच्या खात्याचा. विचारलं तर, 'त्यांनाच जमतं ते.' ताई, तुम्ही पाचशे किलोचा हिशोब करू शकता, एक ॲप नाही जमणार? चालू खातं स्वतःच्या नावावर, बँकेचे मेसेज स्वतःच्या नंबरवर, आणि दर महिन्याला घरात बसून दोघांनी मिळून हिशोब वाचायचा. आणि हे उधारीचं खातं सुधारण्याच्या आधी करायचं.

वेळेचा हिशोब

अकुन्या पहिली लढत लढली तेव्हा २१ वर्षांची. परवाना मिळाला तेव्हा २४. लुना पार्कची ती रात्र आली तेव्हा ३२. म्हणजे पहिल्या घंटेपासून अकरा वर्षं. त्यानंतरही ती थांबली नाही, चाळिशी ओलांडल्यावरही रिंगमध्ये होती. ओलिवेरासने वेगवेगळ्या वजनगटांत मिळून सहा जागतिक किताब घेतले. रिंगबाहेर ती लोकांना हिंमत देणारी वक्ती झाली आणि २०२५ मध्ये सांता फे प्रांताच्या घटना-दुरुस्ती सभेवर निवडून आली. शपथ घ्यायच्याच दिवशी, १४ जुलैला, तिला पक्षाघाताचा झटका आला, आणि २८ जुलैला ती गेली. वय ४७.

तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये पहिल्या पानावर 'सहा महिन्यांत ब्रेक इव्हन' असं लिहिलेलं असतं, ते मी बघते. असू दे. पण त्याखाली आणखी तीन ओळी लिहून पुढच्या रविवारी घेऊन या. घरचा खर्च धंद्यातून एक रुपयाही न काढता किती महिने चालेल, ती एक. सध्या कोणत्या कागदाअभावी तुमचं मार्केट बंद आहे, ती दुसरी. आणि आत्ता हातात असलेल्या सगळ्यात मोठ्या ऑर्डरचं वरच्या चिवड्यासारखं पूर्ण गणित, व्याज आणि परत येणाऱ्या मालासकट. हे तिसरं मात्र पेन्सिलने लिहा, रविवारी आपण खोडून परत मांडणार आहोत.